जीपचा क्राऊन-पिनियन स्वतः बसवला, त्याचा अनुभव

आमच्याकडे वडिलांची जुनी महिंद्रा सीजे थ्री बी आहे, मागचा ॲक्सल डाना ४४ मॉडेलचा, त्यातल्या क्राऊनला (चाकांकडचं मोठं गिअर) दात ४३ आणि पिनियनला (क्राऊनला फिरवणारं छोटं गिअर) ८, म्हणजे रेशो ५.३८. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधे पिनियनचं बेअरिंग बदललं आणि तेव्हापासून रेस दिली की मागून सलग हूंऽऽऽ आवाज. खोलून बघितलं तर दात खराब झालेले, मग नवीन जोडी आणली (क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात त्यामुळे एकच बदलायचा विचारसुद्धा करू नका).

खरं काम डेप्थचं. पिनियन क्राऊनमधे किती आत बसणार ते आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या (कप म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग) शिमवर, म्हणजे पातळ धातूच्या चकत्यांवर ठरतं आणि इथे सगळा हिशोब थाऊमधे, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिनियनच्या तोंडावर आकडा कोरलेला असतो, माझ्या जुन्यावर +१ होता, नव्यावर -२. जुने शिम मायक्रोमीटरने मोजले तर ३२ थाऊ. मायनस म्हणजे पिनियन अजून आत हवा, म्हणजे शिम ३ ने वाढवायचे, आणि मी नेमके ३ कमी केले, २९ टाकून सगळं जोडलं.

चित्रकलेच्या दुकानातून पिवळ्या ऑइल कलरची ट्यूब आणलेली, ती क्राऊनच्या पाच-सहा दातांना लावली, क्राऊनला फडक्याने अडवून धरत पिनियन फिरवला तर ठसा दाताच्या पार टोकाला, बारीक पट्टी. म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब राहिलाय. (ठसा दाताच्या मुळाशी आला तर उलटं, पिनियन जास्त आत गेलाय.) परत खोला. जुन्या कपाची बाहेरची बाजू घासून सैल केली होती म्हणून निदान दरवेळी ठोकाठोक नव्हती, हाताने निघत होता. ३५ ला ठसा खाली आला पण अजून थोडा वरच, नवीन बेअरिंगची जाडी जुन्याइतकीच असेल असं नसतं ना. ३७ ला दोन्ही बाजूंनी मधोमध आला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी वडिलांना उठवून दाखवला.

दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. डेप्थ बदलली की बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दातांमधली मोकळी फट) पण बदलतो, तो डायल गेज लावून दरवेळी परत बघावा लागतो, माझा शेवटी ७ थाऊवर आला, चार ठिकाणी मोजून. आणि आतले शिम जेवढे वाढवाल तेवढेच बाहेरच्या बेअरिंगच्या शिममधे पण वाढवायचे, नाहीतर प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) वाढतो आणि बेअरिंग तापून जातं.

९० नंबर ऑइल भरून यवतेश्वरचा घाट चढलो, वडील शेजारी. वर थांबून हाउसिंगला हात लावला, कोमट. आवाज फक्त टायरचा. घरी आल्यावर कव्हर परत एकदा उघडून आतल्या बाजूला पंचने ३७ ठोकून ठेवला.