तीन परीक्षानळ्यांनंतरचा प्रयोग

विज्ञानाच्या तासाला तीन परीक्षानळ्यांतले खिळे आपण सगळ्यांनीच पाहिले. साध्या पाण्यातला गंजतो. उकळून गार केलेल्या, वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यातला गंजत नाही, आणि निर्जल कॅल्शिअम क्लोराईडवरचाही नाही. हवा आणि पाणी दोन्ही लागतात एवढे कळले की तास संपायचा. तांब्याच्या वाट्याला एकच ओळ यायची : त्यावर हिरवा थर जमतो. पुढे धातूंच्या कामात सगळ्यात जास्त गरज पडते ती या ओळीची, म्हणून स्मरणिकेत तिच्याबद्दलच लिहितो.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो सच्छिद्र असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीट फुटते ते यामुळेच. तांब्यावर आधी तांबूस, मग काळपट तपकिरी आणि बऱ्याच वर्षांनी हिरवा थर येतो. तो धातूला घट्ट धरून बसतो आणि पुढची झीज मंदावते. पुस्तकात हा थर कार्बोनेटचा म्हणून सांगितला आहे. शहरी हवेत मात्र तो बहुधा आम्लारिधर्मी सल्फेटचा असतो, समुद्राकाठी क्लोराईडचा. आंबटापुढे मात्र या थराचे काही चालत नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते ते म्हणूनच.

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला. तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड, तरी शंभर वर्षांत फार थोडा झिजला. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या मात्र गंजून फुगल्या, रिव्हेट उपटले गेले आणि १९८० च्या दशकात पट्ट्या बदलाव्या लागल्या. लोखंड एकटे असते तर इतके बिघडले नसते. तांब्याच्या शेजाराने ते जास्त खाल्ले गेले.

हा शेजार शाळेत सहज दाखवता येतो. १०० मिलिलिटर पाण्यात १.५ ग्रॅम अगर-अगर उकळून विरघळवा. ३ ग्रॅम मीठ, ०.१ ग्रॅम पोटॅशिअम फेरीसायनाइड आणि १ टक्का फिनॉल्फ्थॅलिनचे १ मिलिलिटर द्रावण घाला. खिळे पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून बशीत ठेवा : एक साधा, एक वाकवलेला, एकाला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली, एकाला जस्ताची पट्टी. मिश्रण कोमट झाले की वर ओता आणि बशी हलवू नका. काही तासांत जिथे लोखंड विरघळते तिथे निळा रंग येतो, जिथे ऑक्सिजन वापरला जातो तिथे गुलाबी. साध्या खिळ्याचे डोके, टोक आणि वाकवलेल्याची वाकलेली जागा निळी पडते, कारण ठोकून ताणलेला धातू आधी जातो. तारेच्या खिळ्यात तार गुलाबी होते आणि उघडे लोखंड गडद निळे. जस्तवाला निळा होतच नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा खिळ्यामुळे. दुकानातला चकचकीत खिळा जस्ताचा मुलामा दिलेला निघतो आणि काहीच दिसत नाही. आधीच गंज असला तर भलतीकडे डाग येतात. एक पथ्य पाळा : फेरीसायनाइडवर आम्ल टाकू नका.

नुकसान किती होणार ते दोन्ही धातूंच्या क्षेत्रफळांवर ठरते. तांबे मोठे आणि लोखंड लहान ही सगळ्यात वाईट जोडी. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. वेस्ट इंडीजहून परतल्यावर पाहिले तर खिळे खाऊन गेलेले. जिथे पत्र्यासोबत आलेला तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते.

घराच्या अर्थिंगमध्ये हीच जोडी उलट्या मापात असते : जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मोठा, तांब्याची तार लहान. त्यामुळे पाइप सगळा जात नाही, बोल्टजवळचे जस्त आधी जाते आणि मग लोखंड. बाहेरून जोड घट्ट दिसतो, पण आत रोध वाढलेला असतो. तार थेट आवळण्याऐवजी कथिलाचा मुलामा दिलेला लग (तारेच्या टोकाला बसवून बोल्टखाली आवळायचा धातूचा तुकडा) वापरावा, जोड कोरडा करून त्यावर ग्रीस आणि टेप लावावी. पावसाळ्यापूर्वी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून हा बोल्ट उघडून तपासून घ्यावा.