एवढे सगळे नट, आणि ८१ मिनिटं

रविवार, रात्री उशिरा

जोनाह हेक्स संपवला आत्ताच आणि इतकी चिडचिड झालीये की लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. वाईट पिक्चर काय कमी बघितलेत का, त्यांचं काही वाटत नाही, बंद करायचं आणि विसरायचं. पण हा वाईट व्हायचं काही कारणच नव्हतं, त्याचा त्रास होतोय. जॉश ब्रोलिन, जॉन माल्कोविच, मायकल फासबेंडर, मायकल शॅनन, मेगन फॉक्स, विल आर्नेट, लान्स रेडिक, आणि एडन क्विन चक्क राष्ट्राध्यक्ष ग्रँट! ही नावं वाचूनच तर लावला होता.

त्यात हेक्स हे कॅरॅक्टर माझं जाम आवडतं. १९७२ मध्ये डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या ऑल-स्टार वेस्टर्न कॉमिकच्या दहाव्या अंकात जॉन अल्बानो आणि टोनी डिझुनिगा या दोघांनी आणलेला, त्यातला डिझुनिगा फिलिपिन्सचा, आणि मला वाटतं त्या चेहऱ्यातली अर्धी जान त्याच्या रेघांमुळेच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला माणूस, युद्ध संपलं तरी अंगावर तोच करडा कोट, पैसे घेऊन फरार गुन्हेगारांच्या मागे जाणारा, अर्धा चेहरा भाजलेला आणि तोंडाच्या कोपऱ्यावर कातड्याची एक पट्टी ताणलेली. सुपरपॉवर वगैरे काही नाही. पिस्तूल, घोडा, आणि डोक्यात बसलेली जुनी पापं, बस.

पिक्चरवाल्यांना तेवढं पुरलं नाही. त्यांनी त्याला मेलेल्या माणसांशी बोलायची शक्ती देऊन टाकली, प्रेताला हात लावला की प्रेत उठतं आणि बोलायला लागतं. घोड्याच्या दोन्ही बाजूंना गॅटलिंग गन, म्हणजे त्या काळातली मशीनगनच. डायनामाइट सोडणारी धनुष्यवजा पिस्तुलं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याची अख्खी आधीची गोष्ट, बायको-मुलाला डोळ्यांदेखत घरासकट जाळलेलं, गालावर टर्नबुलच्या, म्हणजे खलनायकाच्या, नावाची अक्षरं डागलेली, मरणाच्या दारातून क्रो या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी परत आणलेला, हे सगळं पहिल्या काही मिनिटांत उरकलंय, त्यातलं पुढचं तर चक्क कॉमिकसारख्या चित्रांत. दादर आलं आणि उतरायचंय अशी घाई. अरे थांबा ना जरा, हाच तर पिक्चर होता! वेस्टर्नला वेळ लागतो हो. माणूस लांबून घोड्यावरून येताना दिसला पाहिजे, कोण येतंय हे कळायला आपल्याला वेळ लागला पाहिजे, बंदूक निघायच्या आधी नुसतं बघणं झालं पाहिजे. इथे पाट्यांसकट ८१ मिनिटांत सगळं संपतं आणि एकदाही कुणी शांत बसलेलं आठवत नाही.

खरंतर एक सीन आहे. त्याच्यासाठीच एवढं लिहितोय बहुतेक. युद्धात टर्नबुलने हॉस्पिटल जाळायचा हुकूम दिला, हेक्सने ऐकलं नाही, स्वतःच्याच माणसांवर उलटला आणि त्यात टर्नबुलचा मुलगा जेब, म्हणजे हेक्सचा जिवाभावाचा मित्र, त्याच्याच हातून मेला. तर टर्नबुलचा ठावठिकाणा विचारायला हेक्स जेबची कबर उकरतो आणि प्रेताला हात लावतो. जेब उठतो तो आधी धुतोच त्याला, मारामारी होते, आणि मग ते दोघं बोलतात. जेफ्री डीन मॉर्गन आहे जेब, श्रेयनामावलीत नाव पण नाही त्याचं. आपण मारलेल्या मित्राचं मनगट धरून ठेवलंय, सोडलं तर तो परत मरणार आणि जास्त वेळ धरलं तर तो जळायला लागणार, आणि तेवढ्या वेळात माफी मागायची, पत्ताही विचारायचा. ब्रोलिनचा अर्धा चेहरा मेकअपखाली हलत नाही पण डाव्या डोळ्यात सगळं दिसतं. मी सरळ होऊन बसलो. वाटलं आता सुरू झाला पिक्चर. आणि पुढच्या मिनिटाला परत धाडधाड स्फोट.

फासबेंडरचं तर फार वाईट वाटलं. हंगरमध्ये, २००८ ला, हा माणूस एका पाद्र्यासमोर टेबलाशी बसून जवळजवळ १७ मिनिटांचा एकच शॉट पेलतो, कॅमेरा जागचा हलत नाही. इथे त्याला गोल हॅट, मानेपर्यंत गोंदण आणि दात काढून हसायचं काम दिलंय, आणि तरी तो एकटाच मजा घेऊन काम करताना दिसतो, प्रत्येक वेळी आला की आपण बघतो, लगेच कट. शॅनन त्याहून कमी, सापासारख्या माणसाच्या झुंजी लावणारा, जेमतेम तोंड दाखवण्यापुरता. रिव्होल्युशनरी रोडसाठी ऑस्कर नामांकन मिळालेला नट, त्याला अक्षरशः कापून टाकलाय. मेगन फॉक्सला कोठ्यावर वाट बघायची आणि शेवटी पळवून न्यायला हजर राहायचं, एवढंच. टर्नबुल झालेला माल्कोविच कंटाळलेला दिसतो, आणि मुलगा गमावलेला बाप म्हणून त्याला एक तरी नीट सीन हवा होता, त्याऐवजी त्याला नारिंगी चमकणारे गोळे टाकणारी तोफ दिली आणि ४ जुलै १८७६ ला वॉशिंग्टन उडवायला पाठवलं. शेवटची मारामारी बघताना तर आपण कुठे आहोत तेच कळत नाही, एकीकडे जहाजाच्या पोटात आणि एकीकडे लाल मातीवर स्वप्नात, दोन्ही एकात एक कापलेलं.

आणि तो करडा कोट. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा सैनिक नायक आहे, हा प्रश्न किती मोठा आहे! रेडिकसारखा जबरदस्त कृष्णवर्णीय नट त्याचा मित्र म्हणून समोर उभा आहे, तिथे खरं बोलणं होऊ शकलं असतं. पिक्चर एखाद-दोन वाक्यांत हेक्सला निर्दोष सोडतो आणि हत्यारं दाखवायला लागतो. हे मला खरंच आवडलं नाही.

नंतर थोडं वाचलं. लिहिणारे नेव्हेल्डाइन आणि टेलर, दिग्दर्शन पण तेच करणार होते, मग बाजूला झाले, आणि आला जिमी हेवर्ड, मूळचा अॅनिमेशनवाला, खऱ्या माणसांचा पहिलाच पिक्चर. नंतर रीशूटला मदत म्हणून फ्रान्सिस लॉरेन्सला आणलं. म्हणजे बरेच हात फिरलेत, आणि ते दिसतं, एका सीनचा सूर दुसऱ्याला लागत नाही. सुमारे ४.७ कोटी डॉलर खर्च आणि जगभरात मिळून १.१ कोटीच्या आसपास कमाई. १८ जून २०१० ला लागला, त्याच दिवशी टॉय स्टोरी ३, मग काय राहणार. ब्रोलिनचं नशीब की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोएन बंधूंचा ट्रू ग्रिट आला, नाहीतर त्या वर्षातला त्याचा वेस्टर्न म्हणून हाच लक्षात राहिला असता.

मला हा परत बनलेला हवाय. खरंच. दोन तास द्या, मेलेल्यांशी बोलणं ठेवा हवं तर पण फक्त जेबसाठी ठेवा, तोफ काढून टाका, बाप आणि मुलाचा मारेकरी असे दोघं समोरासमोर बसवा आणि कॅमेरा हलवू नका. आणि शॅननला पूर्ण रोल द्या, कुठलाही.