पाडलेल्या इमारतीचा माग कागदावर काढताना

रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतली, खाली दुकानं आणि वर माडी असलेली घराण्याची इमारत पाडली, तरी मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) त्याचा ओरखडाही उमटत नाही. ते पत्रक जमिनीचं. त्यात नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली ते), धारक आणि फेरफार एवढंच. मजले किती आणि गाळ्यात कोण बसायचं, हे नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत मिळतं. शोध तिथूनच सुरू करावा. बहुतेक जण भूमी अभिलेखच्या खिडकीवर आधी जातात आणि तिथेच अडकतात.

आकारणीची यादी साधारण दर चार वर्षांनी नव्याने होते. मालकाशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, रकाना असतो, जुने दुकानदार त्यातच सापडतात. घोळ घर क्रमांकाचा, कारण फेरआकारणीत तो बदलतो. म्हणून पाडकामाआधीच्या शेवटच्या यादीपासून मागे मागे जावं आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची नावं टिपून ठेवावीत. क्रमांक निसटला तरी शेजारी हाती लागतात. एका क्रमांकाचे अचानक तीन झाले असतील, तर वाटणी झाली असेल किंवा फक्त गाळे वेगळे आकारले असतील. त्याचा निकाल नोंदणी झालेला दस्तच देतो.

भूमी अभिलेखमध्ये नुसतं पत्रक मागू नये. पहिल्या नगर भूमापनाची चौकशी नोंदवहीही मागावी. त्या वेळी कब्जा कोणाचा होता आणि हक्क कशाच्या आधारावर सांगितला, हे त्यात असतं. जुनं क्षेत्र चौरस यार्डात असेल तर 0.836 ने गुणलं की चौरस मीटर येतात. हिशेब तरीही जुळत नसेल, तर रस्ता रुंदीकरण किंवा क्रमांकांचं एकत्रीकरण झालं का ते बघावं. एकत्रीकरणात जुना क्रमांक बंद होतो आणि नव्या क्रमांकावर शोधणाऱ्याला वाटतं, इतिहास तिथूनच सुरू झाला.

नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. वंशावळी लिहिणारे इथे हमखास घसरतात.

दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडची सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, मुंबईबाहेरच्या भागासाठी साधारण 2002 पासून ऑनलाइन दिसते. त्याआधीची कार्यालयात वर्षवार बघावी लागते. खरेदीखत, गहाणखत, नोंदलेलं वाटणीपत्र पुस्तक क्रमांक 1 मध्ये असतं आणि त्याची नक्कल कोणालाही मिळते. मृत्युपत्र पुस्तक 3 मध्ये. करणारा हयात नसेल तर त्याचीही नक्कल मागता येते. तोंडी वाटणी मात्र इथे सापडायची नाही, ती झालीच असेल तर वर्दीवरून (धारकाने दिलेल्या खबरेवरून) झालेल्या फेरफारात दिसते. जुने दस्त मोडी लिपीत असतात. शके दिसला की इसवी सनासाठी त्यात 78 मिळवावेत, पौष ते फाल्गुनातल्या जानेवारीनंतरच्या तिथीला 79.

मंगलोरी कौलांवरच्या छापावरून इमारतीचं वय काढायचा मोह आवरावा. कोकणच्या पावसात कौलं बदलत राहतात, छाप फार तर छपराच्या एका दुरुस्तीचा पुरावा. जांभ्याच्या चिऱ्यावर तर तेवढंही नसतं.

सगळ्यात भरपूर माहिती देणारा आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे भाडेकरूविरुद्धचा दिवाणी दावा. 1947 च्या भाडे कायद्याखाली असे दावे सतत चालत. त्यात गाळ्याची मापं, हातनकाशा, भाडेपावत्या, कधी कधी न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरचा पाहणी अहवाल असतो. दावा क्रमांक माहीत नसला तर पक्षकाराचं नाव आणि अंदाजे वर्ष देऊन न्यायालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. उशीर करू नये, मुदत संपलेली कागदपत्रं नष्ट केली जातात.