पंपाचा पार्ट

वाळूजला आमचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनचं, वर्कशॉप आहे. म्हणजे मालकांचं, मी एक्स्पोर्टचे कागद बघतो. मागच्या पावसाळ्यात परदेशातून इन्क्वायरी आली: पंपाची हाउसिंग (बाहेरचं कवच), स्टील, तीन हजार नग, रेट दुचाकीच्या पार्टच्या दुप्पट. मालक खूश.

गेटपासवर सही घ्यायला हवालदारमामा आत आले. निवृत्त फौजी, आमचे सिक्युरिटी. टेबलावरचं ड्रॉइंग त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं. मधे फुगीर, दोन्हीकडं निमुळतं, टोकांना आटे, पोटाजवळ बारीक खाच.

"भाऊ, ह्याच्यातून पाणी कुठून जायचं?"

मी गप्प.

"81 चा बॉम्ब आहे हा. मोर्टारचा, उखळी तोफेचा. आठ वर्षं नळीत सोडलेत मी."

मी माप पाहिलं. सगळ्यात जाड जागी व्यास 81 मिलिमीटरच्या किंचित आत.

रात्री स्कोमेट यादी काढून बसलो, म्हणजे परवानगीशिवाय निर्यात करता येत नाही अशा मालाची सरकारी यादी. सहाव्या गटात दारूगोळा, आणि त्यासाठीच बनवलेले सुटे भागही. परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची. सोबत माल शेवटी कोण वापरणार त्याचं प्रमाणपत्र. कोणाच्या हातात जाणार, दहशतवाद्यांकडे पोचेल का, परराष्ट्र धोरणाला बाधा येईल का, हे सगळं तपासायचं. पण कोणाच्या घरावर पडणार, असा वेगळा मुद्दा मला त्या निकषांत दिसला नाही. 2013 च्या शस्त्रव्यापार करारात तो आहे: मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन होण्याचा धोका निर्यात करणाऱ्या देशानं आधी तोलायचा. संयुक्त राष्ट्रांत तो करार मंजूर झाला त्या मतदानात भारत तटस्थ राहिला, करारावर सहीही नाही. भारतातून इस्रायलला जाणारी शस्त्रं थांबवा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरण सरकारचा विषय, म्हणाले. असेल. ड्रॉइंग मात्र आमच्या टेबलावर होतं.

सकाळी मेल टाकला: शेवटचा वापरकर्ता कोण? उत्तर तासाभरात: आम्ही व्यापारी, पुढचं तुम्हाला कशाला?

मालकांनी ते दोनदा वाचलं. "नव्या मशीनचा हप्ता तू भरणार का?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा आला, गार झाला.

"नाही म्हणून कळव."

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या मित्राचा फोन आला. "अरे, पंपाचं काम आलंय, 81 एमएमचं. आट्यांचा रेट काय धरू?"