किमान-कमाल एकाच ओळीत मांडा

घरखर्चाला बहुतेक वेळा दोन टोकं असतात: इतकं तरी हवंच, आणि इतक्याच्या वर नको. आपण मात्र एकच टोक धरून हिशोब करतो आणि दुसरं आयत्या वेळी आठवतं. शाळेतली संयुक्त असमानता, म्हणजे दोन अटी एकत्र मांडणारी असमानता, नेमकी इथेच कामाला येते.

गोव्यातल्या गणेश चवथीचा बाजार घ्या. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचं) सामान, म्हणजे सुपारीचा घड, तोरिंग, आंबाडे वगैरे धरून 1,200 रुपये. उरलेल्यात नेवऱ्या-पातोळ्यांसाठी नारळ, नग 45 रुपये धरू. 2,000 किंवा त्याहून जास्त खरेदी केली तर दुकानदार सामान फुकट घरपोच देतो, आणि खिशात आहेत 2,600. नारळांच्या संख्येला ‘न’ म्हटलं तर:

2,000 ≤ 1,200 + 45न ≤ 2,600

तिन्ही भागांतून 1,200 वजा करा: 800 ≤ 45न ≤ 1,400. मग तिन्ही भागांना 45 ने भागा: 17.78 ≤ न ≤ 31.11.

नारळ अख्खाच घ्यावा लागतो, म्हणून खालचं टोक वर न्यायचं आणि वरचं टोक खाली आणायचं: 18 ते 31. सवयीने ‘जवळचा पूर्णांक’ घेऊ नका. इथे 17.78 चे 18 होतात खरे, पण उत्तर 17.2 आलं असतं तरी 18 च घ्यावे लागले असते. ताळा करा: 17 नारळांना एकूण 1,965 होतात, म्हणजे घरपोच सेवा गेली, 32 ला 2,640, म्हणजे पैसे कमी पडले.

खरी फसगत होते ती वजाबाकीच्या हिशोबात. खात्यात 18,500 आहेत, रोज 450 खर्च होतात, आणि किमान शिल्लक 5,000 ठेवावी लागते. शिल्लक 8,000 किंवा त्याहून कमी झाली की सावध व्हायचं ठरवलंय. तो काळ कोणता? दिवसांना द म्हणू.

5,000 ≤ 18,500 − 450द ≤ 8,000
−13,500 ≤ −450द ≤ −10,500

आता −450 ने भागताना दोन्ही चिन्हं उलटतात: 30 ≥ द ≥ 23.33. म्हणजे 24 व्या दिवसापासून 30 व्या दिवसापर्यंत खात्यात भर घालायची. 31 व्या दिवशी दंडाची वेळ. चिन्हं उलटवायला विसरलात तर ‘द 30 पेक्षा मोठा किंवा तितका आणि 23.33 पेक्षा लहान किंवा तितका’ असं अशक्य उत्तर येतं. असं काही दिसलं की आकडेमोड तपासण्याआधी चिन्हं तपासा.

वरच्यासारख्या दोन्ही अटी एकदम पाळायच्या ‘आणि’चं गणित सोपं आहे. ‘किंवा’कडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांना तेच जास्त लागतं. 22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं तर 18 टक्के. शिवाय 18 टक्के वरच्या जादा रकमेवर नाही, अख्ख्या भाड्यावर. नोंदणी असलेल्या मालकाकडे पाहुणा विचारतो, "कर धरून 8,000 ते 9,000 मध्ये खोली आहे का?" भाडं भ धरून दोन फाटे करावेच लागतात:

भ ≤ 7,500 आणि 8,000 ≤ 1.05भ ≤ 9,000
किंवा
भ > 7,500 आणि 8,000 ≤ 1.18भ ≤ 9,000

पहिल्या फाट्यात भ किमान 7,619 लागतो, पण मर्यादा 7,500 ची, म्हणून तो रिकामा. दुसऱ्यात भ 6,780 ते 7,627 निघतो; 7,500 च्या वरची अट लावली की पूर्ण रुपयांत उरतात 7,501 ते 7,627. एवढीच पट्टी.

हंगामात भाडं ठरवणाऱ्याने इथे थांबून पाहावं. 7,500 ला पाहुण्याचं बिल 7,875, आणि 7,501 ला 8,851. मालकाला एक रुपया जास्त, पाहुण्याला 976 रुपये जास्त. 7,875 आणि 8,850 यांच्यामधलं बिल एका खोलीच्या एका दिवसाला येतच नाही. म्हणून 7,600 किंवा 7,700 असा दर लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही: एक तर 7,500 वर थांबावं, नाहीतर 18 टक्के सोसूनही पाहुणा येईल इतकं काहीतरी खोलीत असावं.