वणावर रेड लाइट घ्यायचाय? आधी वण कसला आहे ते बघा

माझ्या पोटावर ऑपरेशनचा वण आहे आणि त्यावर मी घरीच रेड लाइट थेरपी घेते, म्हणजे लाल प्रकाशाच्या मशीनसमोर वण धरते, त्यामुळे ज्याला कळतं तो पहिलं हेच विचारतो की फरक पडला का. पडला. लाली उतरली, खाज खूपच कमी झाली, वाकताना कातडी ओढल्यासारखी व्हायची ते बंद झालं. वण मात्र आहे आणि राहणार, कारण जखम भरताना शरीर जे कोलॅजन (त्वचेला ताकद देणारं प्रथिन) घालतं ते घाईत एकाच दिशेने घातलेलं असतं, तिथे घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, केस येत नाहीत, आणि ताकदही मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच जाते. शिवाय मी सोबत सिलिकॉन शीटही (वणावर चिकटवायची मऊ पट्टी) लावत होते, त्यामुळे सगळं श्रेय लाइटला देणं मला पटत नाही.

ही थेरपी काल-परवाची नाही. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांची भादरलेली पाठ रुबी लेझरखाली धरली तर तिथले केस लवकर उगवले, आणि मग ते न भरणाऱ्या जखमांकडे वळले. घरच्या मशीनमध्ये आता एलईडी असतात, 630 ते 660 नॅनोमीटरचा लाल आणि बऱ्याचदा 810 ते 850 चा डोळ्यांना जवळपास न दिसणारा इन्फ्रारेड. हा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात, शोषला जातो, पेशीला जास्त ऊर्जा मिळते, सूज कमी होते असं त्यामागचं गणित.

आता मुद्द्याचं. वण नवा असेल, अजून लाल आणि जरा उचललेला असेल तर लाइटला तिथे काम आहे, कारण वण आतून वर्षभर, कधी त्याहूनही जास्त बदलत असतो. पिंपल्सचे खोल खड्डे यानं भरत नाहीत, त्याला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), लेझर वगैरे, तेही डॉक्टरकडेच. आणि वण मूळ जखमेच्या बाहेर पसरत चालला असेल तर तो केलॉइड असू शकतो, मशीन बाजूला ठेवा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावर बहुतेकदा स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात.

डोसबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. मशीन किती वॅटचं आहे याला फार अर्थ नाही, त्वचेपर्यंत किती पोचतं ते बघायचं. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला 50 मिलिवॅट पोचत असतील तर 10 मिनिटांत तेवढ्याच जागेला 30 जूल ऊर्जा मिळते, हाच डोस, आणि मशीन लांब सरकवलं की हा आकडा झपाट्याने पडतो, म्हणून कंपनीने आकडा किती अंतरावर मोजलाय ते आधी वाचा आणि तेवढ्याच अंतरावर बसा. जास्त वेळ घेतला की जास्त फायदा असं इथे चालत नाही, ठरावीक डोसपर्यंत पेशींना चालना मिळते आणि खूप वाढवला की उलट त्या मंदावतात. जाड वणांसाठी हाच मंदावण्याचा गुण वापरता येईल का म्हणून 300 जूलच्या पुढचे डोससुद्धा तपासले गेलेत, पण ते देखरेखीखाली, आणि सावळ्या त्वचेला झेपणारी मर्यादा गोऱ्या त्वचेपेक्षा कमी निघाली, पुढे गेलं की फोड येतात. त्यामुळे प्लीज घरी तासन्‌तास लाइटखाली बसू नका.

डोळ्यांवर गॉगल हवाच, चेहऱ्यावर घेत असाल तर नक्कीच. पिंपल्सवर देतात ती डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन ही औषधं चालू असतील तर त्वचा प्रकाशाला नाजूक होते, आधी विचारा. जखम उघडी असेल, टाके असतील तर तुमच्या सर्जनच्या परवानगीशिवाय काहीच करू नका.

आणि पैसे एकाच गोष्टीवर घालवायचे असतील तर मी आधी सिलिकॉन घ्यायला सांगेन, रोज 12 तास तरी, सलग दोन-तीन महिने, कारण उचललेल्या वणांसाठी डॉक्टर आधी तेच सुचवतात. वण उघड्या जागी असेल तर सनस्क्रीनही, उन्हाने नवा वण काळा पडतो आणि तो काळेपणा जायला फार वेळ लागतो. लाइट या दोन्हींच्या नंतर. मशीन घेतलंच तर महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी वणाचा फोटो काढून ठेवा, रोज आरशात बघून फरक कळत नाही.