दुधीचं बी मी का देत नाही

तुम्ही दर वर्षी विचारता म्हणून एकदाच नीट सांगते.

होळीच्या आधीच्या रविवारी आपण बागेत जमतो. पालापाचोळा होळीत जाऊ नये म्हणून पोत्यांत भरतो, कुणी पन्हं आणतं, आणि मग बी-वाटप होतं. मी चवळी, घेवडा, तांदुळजा, राजगिरा, टोमॅटो असं सगळं पुड्या बांधून आणते. पावसाळ्यात लावायला राखेत चोळून ठेवलेला पावटाही आणते. मूठभर मागितलं तर ओंजळभर देते. तरी कुणीतरी म्हणतंच, “दुधीचं नाही का आणलंत? केवढे लागतात तुमच्याकडे!” मी नाही म्हटलं की चेहरे उतरतात. गेल्या वर्षी तर एकजण बोलून गेले की चांगलं वाण या स्वतःपाशी ठेवतात. ते मला फार लागलं.

पंढरपूरच्या आसपास सतार-तंबोऱ्याचे भोपळे पिकतात, मिरजेला वाद्यांसाठी तेच जातात. चार वर्षांपूर्वी तिकडून येताना मी त्यांच्या चार बिया मागून आणल्या. मुलगी गाणं शिकत होती, तिला वेल दाखवायचा होता. कुंपणावर तो वेल चढवला आणि शेजारच्या मांडवावर माझा नेहमीचा दुधी. दोन्ही एकाच जातीचे, एकाचा पराग दुसऱ्याला चालतो, आणि तंबोऱ्याचा भोपळा कडू असू शकतो. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. दोघांना एका वेळी फुलं यायची नाहीत, अशी मीच माझी समजूत घातली होती.

त्या वर्षीचे दुधी गोडच निघाले. निघणारच, कारण परक्या परागाची करणी बीमध्ये उतरते आणि पुढच्या वर्षी फळात दिसते. एक दुधी वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू दिला आणि पुढच्या फाल्गुनात त्याचं बी चौदा घरांत वाटलं.

त्यातलं एक घर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. काका रोज सकाळी दुधीचा रस घ्यायचे. वैशाखातल्या त्या सकाळी दुधी त्यांच्याच वाफ्यातला होता. रस कडू लागला तेव्हा ते काकूंना म्हणाले, “औषध आहे, कडूच असायचं,” आणि पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मी खाली झारी भरत होते, काकूंची हाक ऐकून वर धावले. मोरीत रक्त होतं. काकांचे हात गार पडले होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, “रस कडू होता का?” कडू दुधीतल्या विषाला उतारा नाही, सलाइन लावायचं आणि वाट बघायची. तीन रात्री आम्ही वाट बघितली. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा अशा रसाने मृत्यू झाला होता आणि त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली होती, हे मी त्या बाकावर बसून फोनवर वाचलं.

पहिल्या रात्री काकूंचे कपडे आणायला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर उरलेला अर्धा दुधी तसाच होता, मिक्सरच्या भांड्यात हिरवा फेस सुकलेला. मी एक पातळ चकती कापून जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकले. चार वेळा चूळ भरली, गूळ खाल्ला. पहाटेपर्यंत तोंड कडू होतं.

काका बरे झाले. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. काकू तर म्हणतात की आम्ही आठ दिवस गावाला गेलो होतो, वाफा वाळला होता, उन्हाचा ताण बसला म्हणून तो कडू झाला असेल. तसंही होतं, खोटं नाही. पण बाकीच्या तेरा घरांचे वेल मी त्याच संध्याकाळी हातापाया पडून उपटायला लावले. ते कसे निघाले असते हे आता कधीच कळणार नाही.

पूर्वी मी म्हणायचे की बी विकत घ्यायचं नसतं, मागायचं असतं. आज मीच सांगते, दुधीचं पाकीट आणा. तेव्हाची मी विचारते, मग वाटण्यात उरलं काय? तिला काय सांगू? म्हणून फळं देते. तुमच्या हातात येणाऱ्या दुधीचं टोक कापलेलं असतं ना, ते मी चाखून बघितलेलं असतं. तुम्हीही रस काढण्याआधी चाखा. कडू लागला तर फेकून द्या, शिजवून खाऊ नका.

आणि हो, वाण ठेवते, हे खरं आहे. परका पराग शिरू नये म्हणून दुपारीच नर-मादी कळ्यांना दोरा बांधते. संध्याकाळी त्या सोडल्या की पांढरं फूल चुरगळलेल्या मलमलीसारखं उलगडतं, मग नराचा पराग मादीला लावून पुन्हा बांधून टाकते. असं दोन वर्षांचं शुद्ध बी माझ्याकडे डब्यात आहे. त्याचे वेल मी लावले, फळं गोड निघाली. तरी पुडी बांधायला घेतली की हात थांबतो.

यंदा मागणाऱ्यांत काका होते. “आधी चाखेन की गं,” म्हणाले. मी त्यांना चवळीची पुडी दिली.